परक्या फौजेनं बसवलेलं सरकार आणि मान्यतेचा प्रश्न : कंबोडिया १९७९ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरची फौज देशात शिरते, जुनं सरकार पळ काढतं आणि दोन-चार दिवसांत नवं सरकार कारभार हाती घेतं. त्या सरकारला इतर देशांनी सरकार मानायचं की नाही? या प्रश्नाची सगळ्यांत कठीण परीक्षा कंबोडियात झाली. तिथे घुसलेल्या फौजेनं एक नरसंहार थांबवला होता आणि जगातल्या बहुसंख्य देशांनी मात्र तो नरसंहार करणाऱ्यांच्याच प्रतिनिधीला संयुक्त राष्ट्रांत बसू दिलं. म्हणून इथली बहुतेक उत्तरं कंबोडियाभोवती फिरतात. इतर देशांची उदाहरणं गरजेपुरतीच घेतली आहेत.

कंबोडियात नेमकं काय घडलं होतं?

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कंबोडियन कम्युनिस्ट संघटनेनं राजधानी नॉम पेन्ह घेतली. काही दिवसांत शहरं रिकामी करून लोकांना शेतावर हाकललं. चलन रद्द केलं, शाळा आणि बौद्ध विहार बंद पाडले. पोल पॉटच्या या राजवटीत पावणेचार वर्षांत साधारण १५ ते २० लाख माणसं गेली. त्यातली काही ठार मारली गेली, काही उपासमारीनं, काही आजारानं आणि काही कामाच्या ओझ्याखाली मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती.

याच राजवटीनं शेजारच्या व्हिएतनामच्या हद्दीतही हल्ले केले. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात तीन हजारांहून जास्त गावकऱ्यांची कत्तल झाली. २ डिसेंबर १९७८ रोजी पोल पॉटविरोधी कंबोडियन आघाडी जाहीर झाली. तिचे पुढारी होते ख्मेर रूजमधून फुटून व्हिएतनामला गेलेले हेंग सामरिन. २५ डिसेंबरला व्हिएतनामनं दीड लाखाच्या घरात फौज आत घातली आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह पडलं. हेंग सामरिन यांच्या नव्या सरकारनं देशाचं नाव ठेवलं कंपुचिया लोक प्रजासत्ताक. परराष्ट्रमंत्री झाले पंचविशीतले हुन सेन. ख्मेर रूज थायलंडच्या सीमेकडे हटले, पण 'लोकशाही कंपुचिया'चं (त्यांच्या राजवटीतलं देशाचं हे नाव) कायदेशीर सरकार आपणच आहोत हा दावा त्यांनी सोडला नाही.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. व्हिएतनामी फौज आली म्हणून कत्तल थांबली. आणि नवं सरकार त्याच फौजेबरोबर आलं होतं, तिच्याशिवाय ते टिकलं नसतं. यातली एकच गोष्ट सांगून जो थांबतो, त्यानं प्रश्न अर्धाच मांडलेला असतो.

राष्ट्राला मान्यता आणि सरकारला मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. १९७९ मध्ये कंबोडिया हे राष्ट्र आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ते १९५५ पासून संयुक्त राष्ट्रांचं सदस्य होतं. वाद एवढाच होता की त्या राष्ट्राच्या वतीनं बोलणार कोण, सही कुणाची चालणार, न्यूयॉर्कमध्ये त्या पाटीमागे बसणार कोण.

तिसरी गोष्टही वेगळी ठेवावी लागते, ती म्हणजे संयुक्त राष्ट्रांतली अधिकारपत्रांची, म्हणजे 'हा आमचा प्रतिनिधी' असं सांगणाऱ्या सरकारी कागदांची मंजुरी. ही मंजुरी म्हणजे प्रत्येक देशानं दिलेली मान्यता नव्हे. एखादा देश स्वतः एका सरकारला मानत नसतानाही आमसभेत त्याच्या अधिकारपत्राच्या बाजूनं हात वर करू शकतो. कंबोडियाच्या बाबतीत असं खरोखर घडलं.

एखादं सरकार 'खरं' आहे हे कोणत्या निकषावर ठरतं?

जुना आणि सगळ्यांत वापरला जाणारा निकष ताब्याचा आहे. देशाचा बराचसा भूभाग आणि प्रशासन कुणाच्या हातात आहे, लोक साधारणपणे कुणाचा हुकूम पाळतात, हे बघायचं. कोस्टारिकातल्या टिनोको राजवटीच्या प्रकरणात १९२३ मध्ये लवाद म्हणून निकाल देताना अमेरिकेचे सरन्यायाधीश विल्यम टॅफ्ट यांनी हेच धरलं होतं. ब्रिटनची मान्यता नसली तरी ते सरकार प्रत्यक्षात कारभार करत होतं, म्हणून ते सरकार होतंच, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा निकष ते सरकार कुठून आलं हे विचारतो. जपाननं चीनचा मांचुरिया हा प्रदेश घेतल्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी जानेवारी १९३२ मध्ये जाहीर केलं की बळजबरीनं निर्माण केलेली परिस्थिती अमेरिका मानणार नाही. दोनच महिन्यांत जपाननं तिथे 'मांचुकुओ' उभं केलं. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघानं (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) ४२ विरुद्ध १ अशा मतांनी जपानच्या विरोधात कौल दिला. विरोधातलं ते एक मत जपानचंच होतं. मांचुकुओत ताबा पक्का होता, पण तो होता जपानी फौजेचा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनं बळाचा वापर निषिद्ध ठरवल्यावर या दुसऱ्या निकषाला कायद्याचं बळ मिळालं.

कंबोडियात हे दोन निकष थेट समोरासमोर आले.

देशाचा बहुतेक भाग हेंग सामरिन सरकारकडे होता. मग त्याला मान्यता का मिळाली नाही?

सांगितलं गेलेलं कारण असं : आतलं सरकार कितीही क्रूर असलं तरी शेजाऱ्यानं फौज घालून ते बदलायचं नाही. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) मधल्या तेव्हाच्या पाच देशांनी हा मुद्दा लावून धरला. सिंगापूरसारख्या छोट्या देशाला ही भीती मनापासून वाटत होती आणि तिला हसण्यात अर्थ नाही. आज त्यांचं चाललं, तर उद्या आपल्या दाराशी कोण येईल, हा प्रश्न लहान देशांच्या जिवावरचा असतो.

न सांगितलेलं कारण शीतयुद्धाचं होतं. व्हिएतनामनं नोव्हेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला होता. चीन ख्मेर रूजचा पाठीराखा होता आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यानं व्हिएतनामवर हल्लाच केला. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी चीनच्या दौऱ्यावर होते आणि तो दौरा अर्धवट टाकून ते परतले. अमेरिका व्हिएतनाममधल्या पराभवातून नुकतीच बाहेर आली होती आणि चीनशी नवे संबंध जोडत होती. या सगळ्यांना व्हिएतनामची कोंडी हवी होती.

नरसंहार करणाऱ्यांकडेच संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची राहिली, हे कसं झालं?

जानेवारी १९७९ मध्ये कंबोडियाचे माजी राजे, राजपुत्र सिहानूक सुरक्षा परिषदेसमोर उभे राहिले. ख्मेर रूजनं त्यांना वर्षानुवर्षं राजवाड्यात कोंडून ठेवलं होतं, त्यांच्या घरातली माणसं त्या राजवटीत मारली गेली होती. तरीही ते व्हिएतनामी आक्रमणाविरुद्ध बोलले. परकीय फौजा मागे घ्याव्यात अशा ठरावाला १३ मतं पडली, पण सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरला.

ऑगस्ट १९७९ मध्ये नॉम पेन्हमध्ये नव्या सरकारच्या न्यायाधिकरणानं पोल पॉट आणि परराष्ट्रमंत्री येंग सारी यांच्यावर त्यांच्या गैरहजेरीत नरसंहाराचा खटला चालवून मृत्युदंड ठोठावला. खटला घाईचा होता, त्याचा निकाल आधीच ठरल्यासारखा होता. पण साक्षी खऱ्या होत्या. तुओल स्लेंगच्या शाळेतला तुरुंग, तिथले फोटो, लिहून घेतलेल्या कबुल्या हे सगळं समोर आलेलं होतं. सरकारलाच मान्यता नसल्यामुळे बाहेरच्या जगानं हा खटला मोजलाच नाही.

त्यानंतर महिनाभरात आमसभा भरली. अधिकारपत्र समितीनं ६ विरुद्ध ३ मतांनी लोकशाही कंपुचियाची, म्हणजे ख्मेर रूजची अधिकारपत्रं स्वीकारली. २१ सप्टेंबर १९७९ रोजी आमसभेनं ७१ विरुद्ध ३५ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, ३४ देश तटस्थ राहिले. युक्तिवाद असा की अधिकारपत्राची तपासणी म्हणजे कागद योग्य अधिकाऱ्यानं दिला आहे का एवढंच बघणं. सरकार चांगलं की वाईट हा समितीचा विषय नाही. गेल्या वर्षी हेच सरकार होतं, ते बेकायदा मार्गानं हटवलं गेलं, म्हणून अजूनही तेच सरकार.

हे वाचताना मला आजही राग येतो. हा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात बसतो, पण त्याचा अर्थ असा झाला की ज्या लोकांची घरं उजाड झाली, त्यांच्या नावानं जगात बोलण्याचा हक्क उजाड करणाऱ्यांकडे राहिला.

१९८२ मध्ये यावर रंग चढवला गेला. क्वालालंपूरमध्ये सिहानूक, माजी पंतप्रधान सोन सान्न आणि ख्मेर रूज यांचं आघाडी सरकार बनलं. अध्यक्ष सिहानूक, पंतप्रधान सोन सान्न, परराष्ट्र व्यवहार मात्र ख्मेर रूजच्या खिऊ सांफान यांच्याकडे. त्या वर्षी पाठिंब्याची मतं ९० वर गेली.

दुसरा मार्ग उपलब्ध होता का?

होता, आणि माझ्या मते तोच घ्यायला हवा होता. खुर्ची रिकामी ठेवायची.

नव्या सरकारला नाकारलं म्हणजे जुन्याला स्वीकारलंच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही. सप्टेंबर १९७९ मध्येच अलिप्त राष्ट्रांच्या हावाना परिषदेत कंबोडियाची जागा रिकामी ठेवण्यात आली. त्याआधी हंगेरीचं उदाहरण होतं. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांच्या जोरावर आलेल्या कादार सरकारच्या अधिकारपत्रांवर आमसभेनं कित्येक वर्षं निर्णयच घेतला नाही.

आसियान देशांचं भय रिकाम्या खुर्चीनंही जपलं गेलं असतं. आक्रमणाला मान्यता नाही हा संदेश गेला असता आणि पोल पॉटच्या माणसांना व्यासपीठही मिळालं नसतं. ब्रिटननं डिसेंबर १९७९ मध्ये पोल पॉट सरकारची मान्यता काढून घेतली आणि हेंग सामरिनलाही दिली नाही. ऑस्ट्रेलियानं १९८१ मध्ये तेच केलं. पण आमसभेत ब्रिटननं त्यानंतरही ख्मेर रूजच्या बाजूच्या अधिकारपत्रांनाच मत दिलं.

भारतानं काय केलं?

जुलै १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली. परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. सोव्हिएत गट आणि त्याच्या मित्रदेशांखेरीज फार थोड्या देशांनी असं केलं. त्यांत भारत सर्वांत मोठा.

या निर्णयामागे मॉस्को आणि हनोई यांच्याशी असलेली मैत्री होती, चीनबद्दलची काळजी होती. त्याच वर्षी अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजेबद्दल भारतानं सार्वजनिकरीत्या फार मवाळ भूमिका घेतली होती. त्यामुळे दिल्लीचा निर्णय फक्त नैतिक होता असं म्हणता येणार नाही. तरीही दोन दावेदारांतून एक निवडायचा असेल, तर भारतानं योग्य निवडला असं मला ठामपणे वाटतं. एकाच्या हातात देश होता आणि तो लोकांना पुन्हा गावी जाऊ देत होता. दुसऱ्याच्या हातावर लाखोंचं रक्त होतं.

किंमतही पडली. आसियानशी त्या सुमारास सुरू होऊ घातलेली बोलणी अडली, आणि त्या गटाशी औपचारिक संवादाची पहिली पायरी १९९२ मध्ये आली. बदल्यात जे मिळालं त्यातलं एक आजही दिसतं. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या तुकड्यांनी अंगकोर वाटच्या जतनाचं काम केलं. आजूबाजूला यादवी चालू असताना, सुरुंगांच्या मुलखात हे काम झालं. दगड साफ करण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण इतर बहुतेक देशांना त्या सरकारशी करारच करायचा नव्हता तेव्हा ही माणसं तिथे होती.

मान्यता नसल्यानं सामान्य माणसाला काय फरक पडतो?

कंबोडियात खूप पडला. १९७९ मध्ये देशात चलन नव्हतं (रिएल १९८० मध्ये पुन्हा आला), डॉक्टर-शिक्षक मोजके उरले होते, भातशेती मोडली होती. युनिसेफ आणि रेडक्रॉस यांनी तातडीची मदत आणली, तीही बरीच घासाघीस झाल्यावर. मुख्य आणीबाणी सरल्यावर दरवाजा बंद झाला. 'तातडीची मदत' चालत होती, 'विकासाची मदत' नाही, कारण विकासासाठी सरकारशी करार करावा लागतो आणि सरकार तर मान्यच नव्हतं. म्हणजे भुकेल्याला तांदूळ देता येई, पण पाटबंधारे आणि शाळांच्या लांब पल्ल्याच्या कामांना संयुक्त राष्ट्रांचा पैसा मिळत नसे. ऑक्सफॅमसारख्या काही स्वयंसेवी संस्थांनी ही भिंत ओलांडून काम केलं.

दुसरीकडे थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांना अन्न पोचत होतं. त्यांतल्या काही छावण्या ख्मेर रूजच्या हुकमतीखाली होत्या. त्या अन्नावर निर्वासित जगले आणि ख्मेर रूजचे सैनिकही पोसले गेले.

मान्यता नसलेल्या सरकारनं दिलेल्या जन्मदाखल्यांचं किंवा लग्ननोंदींचं काय होतं?

ते चालतात, चालले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९७१ मध्ये नामिबियाबद्दलच्या सल्ल्यात सांगितलं की दक्षिण आफ्रिकेचा तिथला ताबा बेकायदा असला तरी जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी नाकारू नयेत, कारण त्याचा फटका रहिवाशांना बसतो.

युगांडातही १९७९ मध्ये हेच झालं होतं ना? तिथे कुणी हरकत का घेतली नाही?

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या फौजेनं १९७८ च्या ऑक्टोबरात टांझानियाच्या कागेरा भागावर हल्ला केला. टांझानियाचे अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या फौजेनं उलट चाल करून ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला घेतलं. युसुफ लुले यांच्या नव्या सरकारला काही दिवसांतच मान्यता मिळू लागली. आफ्रिकेतल्या काही नेत्यांनी कुरबुर केली, तेवढंच. प्रतिहल्ला, क्रूर हुकूमशहा, शेजाऱ्याची फौज, निर्वासितांतून आलेलं सरकार, सगळं कंबोडियासारखंच.

फरक दोन. अमीन परदेशी पळाला, त्याच्या बाजूनं खुर्चीवर दावा सांगणारा कुणी उरला नाही. आणि मोठ्या सत्तांपैकी कुणालाच अमीन परत नको होता. पहिला फरक कायद्याच्या भाषेत मांडता येतो, दुसरा नाही. निर्णायक दुसराच ठरला, असं मला वाटतं.

अफगाणिस्तानची तुलनाही बोलकी आहे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजेनं तिथला राज्यकर्ता हाफिजुल्ला अमीन याला मारून बाबराक कारमालला बसवलं. १४ जानेवारी १९८० रोजी आमसभेनं १०४ विरुद्ध १८ मतांनी परकीय फौजा मागे घेण्याची मागणी केली. पण अफगाणिस्तानची खुर्ची कारमाल सरकारकडेच राहिली. तिथेही प्रतिस्पर्धी शिष्टमंडळ नव्हतं.

अमेरिकेनं बसवलेल्या सरकारांचं काय?

ग्रेनाडातल्या १९८३ च्या कारवाईचा आमसभेनं १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध केला. पनामात डिसेंबर १९८९ मध्ये गिल्येर्मो एंदारा यांनी अमेरिकी लष्करी तळावर अध्यक्षपदाची शपथ घेतली. आमसभेनं तिथेही निषेध केला, पण एंदारा यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या निवडणुकीत बहुमत मिळवलं होतं आणि तिथला लष्करशहा नोरिएगा यानं तो निकाल रद्द केला होता, त्यामुळे त्यांचं सरकार टिकलं आणि स्वीकारलं गेलं. इराकमध्ये २००३ नंतर सुरक्षा परिषदेनंच पायरीपायरीनं वाट काढली. आधी अमेरिका-ब्रिटन यांना ताबेदार सत्ता म्हणून नोंदवलं, मग जून २००४ च्या ठरावानं हंगामी सरकारला मान्यता दिली. युद्ध कायदेशीर होतं, असं मात्र परिषदेनं कुठेच म्हटलं नाही.

बांगलादेश आणि गोवा या प्रकारात येतात का?

नाही, पण हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. बांगलादेशाला भारतानं ६ डिसेंबर १९७१ रोजी नवं राष्ट्र म्हणून मान्यता दिली. १९७० ची निवडणूक जिंकलेल्या पक्षाचं सरकार आधीच स्थापन झालेलं होतं. भारतीय फौजा काही महिन्यांत परतल्या आणि बहुसंख्य देशांना मान्यता देणं सोपं झालं. व्हिएतनामची फौज दहा वर्षं थांबली, हा त्या दोहोंतला मोठा फरक.

गोव्यात परकं सरकार बसवण्याचा मुद्दाच नव्हता, वसाहत भारतात विलीन झाली. पोर्तुगालनं ती वस्तुस्थिती तेरा वर्षं नाकारली. लिस्बनमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. भारताचे परराष्ट्रमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते.

कंबोडियाचा पेच शेवटी सुटला कसा?

सोव्हिएत मदत आटत गेली तसं व्हिएतनामनं सप्टेंबर १९८९ मध्ये फौज मागे घेतली. जुलै १९९० मध्ये अमेरिकेनं आघाडी सरकारला खुर्चीसाठी दिलेला पाठिंबा काढला. मग आघाडीतले तीन आणि नॉम पेन्ह सरकार अशा चारही गटांची सर्वोच्च राष्ट्रीय परिषद बनली आणि देशाचं सार्वभौमत्व तिच्याकडे मानलं गेलं. २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस करार झाला. पुढची दीड-दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनानं देश सांभाळला, त्यात भारतीय पलटणीही होत्या. मे १९९३ मध्ये निवडणूक झाली. ख्मेर रूजनं बहिष्कार टाकूनही जवळपास ९० टक्के नोंदणीकृत मतदार मतदानाला आले.

हुन सेन यांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला, तरी त्यांनी सत्तेत वाटा मिळवला आणि पुढे २०२३ पर्यंत पंतप्रधानपद सोडलं नाही. १९७९ मध्ये परक्या फौजेबरोबर आलेल्या पक्षाची पकड आजही तिथे आहे. त्या सरकारला मान्यता द्यायला कचरणाऱ्यांची ही बाजूही नोंदवायला हवी.

खुर्चीवर बसलेल्यांना पुढे शिक्षा झाली का?

काहींना, फार उशिरा. पोल पॉट १९९८ मध्ये कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा न राहताच मेला. येंग सारी १९९६ मध्ये शरण आला तेव्हा राजा सिहानूक यांनी त्याला माफी दिली, आणि माफी देण्यासाठी १९७९ चा तोच न मोजलेला मृत्युदंड हिशेबात धरावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागानं उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयात त्याच्यावर पुन्हा खटला चालू झाला, पण निकालाआधीच २०१३ मध्ये तो वारला. आघाडी सरकारचं परराष्ट्र खातं सांभाळलेल्या खिऊ सांफानला २०१४ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि २०१८ मध्ये कंबोडियातल्या व्हिएतनामी लोकांच्या नरसंहारासाठी जन्मठेप झाली. अपील फेटाळून २०२२ मध्ये ती कायम झाली.